घराला कठडा असावा

आपल्या त्रैमासिकात पुस्तकांची परीक्षणे येतात, क्वचित एखाद्या नाटकाचे किंवा भक्तिगीतांच्या संग्रहाचेही येते. घरांचे परीक्षण मात्र येत नाही. नवे चर्च उभे राहिले की त्याच्या आशीर्वादविधीचा वृत्तान्त छापला जातो, देणगीदारांची नावे छापली जातात. परंतु त्या वास्तूत बसले असता प्रार्थना करावीशी वाटते की घड्याळाकडे पाहावेसे वाटते, हे कोणी लिहीत नाही. चर्चच्या बाबतीत ही स्थिती, तर वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घराची समीक्षा कोण करणार? प्रस्तुत लेखात तसा अल्पसा प्रयत्न करावयाचा आहे. विषय आहे पुण्यातील येरवडा, तेथील रस्ते, तेथील इमारती आणि विशेषतः गेल्या काही वर्षांत तेथील वस्त्यांत बांधली गेलेली घरे.

मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. तेव्हा हा अधिकार मला कोणी दिला, असे वाचक विचारू शकतील. समीक्षेची पहिली अट कलाकृतीचा सहवास ही आहे, असे आम्हाला शिकविले गेले. वास्तुकाराचा घराशी संबंध ते बांधून होईपर्यंतच असतो. धर्मगुरू त्यानंतर घरात येतो आणि पुढे अनेक वर्षे येत राहतो. गृहाशीर्वादाच्या दिवशी तो पवित्र पाणी शिंपडत प्रत्येक खोलीत, मोरीतसुद्धा जातो. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. मध्यरात्री कोणी बोलावले तर तेल घेऊन धावतो, आणि शेवटी शवपेटीच्या पुढे चालत त्याच दारातून बाहेर पडतो. घर कोठे अडते आणि कोठे मोकळे होते, हे त्याच्या पायांना कळते. त्या पायांच्या आधारावर मी लिहितो आहे.

बंडगार्डनकडून येरवड्यात यायचे तर पूर्वी १८६७ सालच्या दगडी कमानींच्या फिट्झजेराल्ड पुलावरून यावे लागे. आता वाहने शेजारच्या पुलावरून जातात, आणि २०२४ पासून मेट्रोही नदी ओलांडून येरवड्यात येते. नदीपलीकडे येताच येरवड्याचा जुना दगड दिसू लागतो. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात बांधलेली, गॉथिक धाटणीची डेक्कन कॉलेजची इमारत, मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय, आणि नगर रस्त्यावर दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम मिळावे म्हणून १८९२ मध्ये बांधला गेल्याचे सांगितले जाते तो आगाखान पॅलेस. या सर्वांत समान गोष्ट कोणती? आवार. प्रत्येक वास्तू आपल्या भिंतीच्या आत, रस्त्यापासून दूर, झाडांच्या मागे उभी आहे. इथला जुना रस्ता हा घरांनी बनलेला रस्ता नव्हे; दोन आवारांच्या मध्ये उरलेली जागा म्हणजे रस्ता. पुण्याच्या पेठांमध्ये वाड्याचा दिंडी-दरवाजा रस्त्यावर उघडतो. येरवड्याच्या जुन्या रस्त्यावर माणूस चालतो तो भिंतीच्या कडेने.

येरवड्यात आणखी एक गंमत आहे, ती नावांची. गांधीजी १९३० मध्ये कारागृहातून आश्रमवासीयांना पत्रे लिहीत. त्या पत्रांच्या पुस्तकाच्या नावातच कारागृहाला मंदिर म्हटले गेले. पेटीत मिटवून ठेवता येणाऱ्या चरख्याला येरवड्याचेच नाव मिळाले. आणि टेकडीवरील थॅकरसी घराण्याच्या भव्य बंगल्याचे नाव आहे पर्णकुटी! १९३३ च्या मे महिन्यातला एकवीस दिवसांचा उपवास गांधीजींनी त्याच पर्णकुटीत पूर्ण केला. तुरुंगाला मंदिर म्हणावे आणि बंगल्याला पर्णकुटी, हा येरवड्याचा अलंकार आहे. परंतु खऱ्या पर्णकुट्या, म्हणजे पत्र्याच्या, पोत्यांच्या आणि प्लॅस्टिकच्या कुट्या, ज्यांच्या होत्या त्यांच्या वस्तीला अलंकार शोभला नसता. सप्टेंबर १९३२ मध्ये कारागृहाच्या भिंतीआड डॉ. आंबेडकर आणि गांधीजी यांच्यात जो करार झाला, तो ज्या समाजांच्या भवितव्याविषयी होता, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांपैकी अनेकांनी पुढे त्या भिंतींच्या बाहेर झोपड्या टाकल्या. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, दुष्काळाला कंटाळून नगर रस्त्याने पुण्यात आलेल्या आपल्या कितीतरी कॅथलिक कुटुंबांची कथा याहून वेगळी नाही. हरेगावच्या मतमाउलीची तसबीर पत्र्याला तारेने बांधलेली मी पाहिली आहे.

नगर रस्त्यावरच, रामवाडीला, पेपल सेमिनरी आहे. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी ती १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. सेमिनरीच्या दिवसांत आम्ही त्या परिसरातून रविवारी धर्मशिक्षणासाठी वस्त्यांत जात असू. वर्गात सकाळी मजुरांच्या हक्कांविषयीचे लिओ पोपमहोदयांचे १८९१ चे विश्वपत्र वाचायचे, आणि दुपारी ज्या मजुराला बचत करून थोडीशी मालमत्ता उभी करता आली पाहिजे असे त्यात म्हटले आहे, त्याच्या दारात उभे राहायचे, असा तो अभ्यासक्रम होता. दोन्हींमधले अंतर सायकलने वीस मिनिटांचे होते.

आता वस्तीकडे वळू. वस्ती हा एक ग्रंथ मानला तर त्याला एक लेखक नाही. पहिल्या पिढीने चार बांबू रोवले. नंतर पत्रा आला. मुलगा कमावता झाला तेव्हा एका बाजूची भिंत विटांची झाली. मुलीच्या लग्नाच्या वर्षी शहाबादी फरशी बसली. सनावळी लिहावी तशी प्रत्येक घराची भिंत वाचता येते. गल्लीची रुंदी कोणी मोजून ठरविलेली नसते. पाण्याची कळशी घेतलेल्या दोन बाया एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी ती असते. ओटा असतो, कारण आत बसायला जागा नसते. मी या साऱ्याला सुंदर म्हणणार नाही. पावसाळ्यात गटाराचे पाणी ज्या उंबरठ्यावरून आत येते, त्या उंबरठ्याचे कौतुक दुसऱ्याने करू नये. परंतु त्या मजकुराला अर्थ आहे, एवढे मान्य करावेच लागेल. ज्याला त्याचा अर्थ लागला नाही तो सगळा मजकूर खोडून टाकतो, आणि त्यालाच विकास म्हणतो.

येरवड्यात काही काळ वेगळे घडले, म्हणून हा लेख. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवांची योजना होती. तिच्या अंतर्गत पुणे महापालिकेने येरवड्याच्या काही वस्त्यांत घरे जागच्या जागी नव्याने बांधण्याचे ठरविले. नेताजीनगर, यशवंतनगर, भाटनगर, शीला साळवे नगर, वडारवस्ती, नागपूर चाळ आणि आपल्या वाचकांना ज्याच्या नावाचे अगत्य वाटेल ते मदर तेरेसा नगर. स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलनच्या स्थानिक बचतगटांतील स्त्रिया यांनी घरोघरची मोजणी आणि बोलणी केली. महासंघाचे नेते जोकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. २०१८ मध्ये ते निवर्तले. २००९ च्या सुमारास फिलिपे बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन या युरोपातून आलेल्या दोन तरुण वास्तुकारांनी क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या घराचे नमुने मांडले, आणि पुण्याचे वास्तुकार प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने कुटुंबांशी बोलून प्रत्यक्ष घरांचे आराखडे केले. प्रत्येक घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे. खर्चाचा मोठा भाग सरकारचा. कुटुंबाचा वाटा सुमारे एक दशांश.

या प्रकल्पाचे पहिले वैशिष्ट्य असे की, जी घरे आधीच पक्की होती त्यांना हात लावला नाही. कच्ची घरे तेवढी पाडली, आणि त्याच कुटुंबासाठी, त्याच जागेवर, त्याच शेजाऱ्यांच्या मधोमध नवे घर उभे केले. काही ठिकाणी शेजाऱ्यांनी आपापल्या चिंचोळ्या जागा एकत्र करून मिळून बांधले. त्यामुळे गल्ली टिकली. साहित्याच्या भाषेत बोलायचे तर हे नवे लेखन नव्हते, संपादन होते. चांगला संपादक लेखकाची वाक्यरचना ठेवतो आणि मोडलेले शब्द दुरुस्त करतो. नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण कंटाळवाणा म्हणून सोडून देतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पण त्या नावांतच सारे आले आहे. यरुशलेमचा पडलेला कोट बांधताना अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त केला, असे तेथे पुन्हा पुन्हा नोंदविले आहे. पवित्र शास्त्रातील नगररचनेचा हा एक मोठा धडा आहे. येरवड्याच्या या घरांचे खरे मोल मला त्याच धड्यात दिसते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात घरांचा विचार करताना हेच सुचविले आहे: अशा वस्त्या जमीनदोस्त करण्यापेक्षा किंवा माणसांना हुसकावण्यापेक्षा तेथेच त्या सुधाराव्यात. त्याही पूर्वी १९८७ मध्ये, बेघरांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, न्याय व शांतीसाठीच्या परमधर्मपीठाच्या आयोगाने बेघर बांधवाचे तू काय केलेस, असा प्रश्न विचारणारे पत्रक काढले होते. तेव्हा शिकवणीची उणीव आपल्याकडे नाही.

येथवर स्तुती झाली. परंतु परीक्षणाचे काम स्तुतीने संपत नाही.

मूळ नमुने तीन होते. पहिल्यात दोन मजली घर, पण पाया आणि सांगाडा तीन मजल्यांचा भार पेलणारा. पुढे ऐपत आली की कुटुंबाने तिसरा मजला चढवावा. दुसऱ्यात तळमजला खांबांवर मोकळा, म्हणजे तेथे रिक्षा उभी राहील किंवा दुकान निघेल. तिसऱ्यात मधला मजला मोकळा, पडवीसारखा. कल्पना म्हणून तिन्ही हृद्य आहेत. गरिबाचे घर कधीच पुरे होत नसते, हे त्यांनी ओळखले आहे. पण थोडा हिशेब करू. २७० चौरस फूट दोन मजल्यांत विभागले की प्रत्येक मजला १३५ चौरस फुटांचा. अगदी अरुंद, उभा जिना धरला तरी तो प्रत्येक मजल्यावर वीस-पंचवीस फूट खातोच. उरते ती दहा फूट बाय अकरा फुटांची एक खोली, आणि तिच्यातूनच मोरी व स्वयंपाकाची जागा काढायची. आडवे पसरलेले घर उभे केले की त्यातला सर्वांत महाग भाग जिना ठरतो, कारण त्यावर कोणी झोपू शकत नाही. तळमजला मोकळा सोडला, तर घरातल्या म्हातारीच्या वाट्याला हा जिना रोजचा येतो.

येथे एक अनुभव सांगतो. तो या प्रकल्पातील घराचा नाही. एका कुटुंबाने स्वतः, ओळखीच्या गवंड्याकडून वर चढवत नेलेल्या घराचा आहे. खाली मुलाचे इस्त्रीचे दुकान, वर संसार, त्याच्या वर आजी. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन मी तो लोखंडी जिना चढत असे. एक हात कठड्याला हवा, पण कठडा नव्हता, आणि दुसरा हात छातीशी. आजी म्हणायची, “फादर, तुम्ही येता म्हणून येशूबाप्पा वर येतो, मला काही खाली जाता येत नाही.” चार वर्षे ती खाली उतरली नाही. ती गेली तेव्हा शवपेटी त्या वळणातून वर जाईना. मुलांनी तिला चादरीत घेऊन, एकेक पायरी मोजत खाली आणले आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी पेटीत ठेवले. मुलाने दुकानाच्या शटरला डोके टेकून मला विचारले, “तिला खाली ठेवली असती तर खायचे काय, फादर?” मी उत्तर देऊ शकलो नाही. आजही घराचा आराखडा पाहिला की मी प्रथम जिन्याचे वळण पाहतो.

दुसरा मुद्दा कठड्याचा. अनुवादाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे: नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. पक्ष्यांच्या घरट्याविषयीच्या, पेरणीविषयीच्या नियमांत तो दडलेला आहे. पण वास्तुसमीक्षेसाठी याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. घर कसे दिसते, हे तो नियम विचारीत नाही. घरावर येणाऱ्या परक्या माणसाचीही काळजी घेतली आहे काय, एवढेच विचारतो. आपल्या साऱ्या वस्त्यांत गच्चीवर उभ्या राहिलेल्या गंजक्या सळया पाहा. त्या पुढच्या मजल्याचे वचन आहेत. मजला पुढे होणार म्हणून आज कठडा बांधला जात नाही, आणि मजला दहा-दहा वर्षे होत नाही. संक्रांतीला मुले त्याच गच्चीवर मागे मागे सरकत पतंग उडवितात. वाढणाऱ्या घराच्या कल्पनेतला हा खरा दुबळा दुवा आहे. सांगाडा भक्कम दिला म्हणजे काम झाले, असे अभियंत्याला वाटू शकते; पण सांगाडा आणि घर यांच्या मधली सारी वर्षे कुटुंबाला अपुऱ्या वास्तूत काढावी लागतात. त्या वर्षांचा आराखडा कोणी करीत नाही.

हा प्रश्न एकट्या येरवड्याचा नाही. चिलीमधील इकीके शहरात वास्तुकार आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ मध्ये ९३ कुटुंबांना अर्धे घर बांधून दिले आणि उरलेले अर्धे त्यांनी बांधावे असे ठरविले. २०१६ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आपल्या जवळचे उदाहरण बेलापूरचे. मूळचे गोव्याच्या कॅथलिक घराण्यातले चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत सुमारे ५५० कुटुंबांसाठी अशीच वाढणारी घरे आखली. सात-सात घरांच्या मध्ये आठ मीटरचा चौक, आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, जेणेकरून एकाने वाढवले तर दुसऱ्याला त्रास नको. आपल्यापैकी पुष्कळांना कोरिया ठाऊक असतील ते दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या नव्या वास्तूमुळे. आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबांच्या समाधिस्थळाची रचनाही त्यांनीच साठच्या दशकात केली. म्हणजे येरवड्याच्या मातीला त्यांचा हात लागलेला आहे. बेलापूरला त्यांनी आखलेली बहुतेक छोटी घरे पुढे मालकांनी पाडून मोठी केली. काही समीक्षक त्याला अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. चौक राहिले, हे अधिक महत्त्वाचे. मात्र बेलापूरला जमीन मोकळी होती, आणि येरवड्यात तळहाताएवढ्या जागेला चारी बाजूंनी शेजारी होते. दुमजली-तिमजली घरे समोरासमोर उभी राहिली की पाच-सहा फुटांच्या गल्लीत दुपारीही दिवा लावावा लागतो. गल्ली टिकली खरी, पण तिचे आकाश अरुंद झाले. ही किंमत परीक्षणात नोंदविली पाहिजे.

मी येथवर लिहिलेला मजकूर एका तरुणीला वाचून दाखविला. ती वस्तीतच वाढली, परिचारिका झाली, आणि तिच्या घरी सध्या एकच चर्चा आहे: झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून इमारत होऊ द्यायची की नाही. माझ्या लेखातली गल्ली, ओटा आणि शेजार ऐकून ती हसली आणि म्हणाली, “फादर, तुम्हाला गल्ली आवडते, कारण रात्री झोपायला तुम्ही चर्चच्या बंगल्यात जाता. मला दाराला आतून कडी हवी, घरात संडास हवा आणि आईला लिफ्ट हवी.”

हा अभिप्राय माझ्या साऱ्या समीक्षेपेक्षा टोकदार होता. मी दोन दिवस लेख बाजूला ठेवला. गरिबीच्या घराला रम्य ठरविणे हा एक सूक्ष्म अपराध आहे, आणि ज्यांनी स्वेच्छेने दारिद्र्याचे व्रत घेतले त्यांच्याकडून तो अधिक सहजपणे घडतो. उंच इमारत मुळातच वाईट आणि बैठे घर मुळातच चांगले, असे मी यापुढे म्हणणार नाही. परंतु तिचे म्हणणे मान्य करूनही काही प्रश्न उरतात, आणि ते मी तिलाही विचारले. लिफ्ट बंद पडली तर ती दुरुस्त करण्याचा मासिक खर्च कोणी, किती दिवस द्यायचा? आईने सातव्या मजल्यावरून चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला हाक कशी मारायची? इस्त्रीचे दुकान कोणत्या मजल्यावर? आणि सर्वांत आधी, इमारतीचा नकाशा तिच्या आईला कोणी दाखविला होता काय? या शेवटच्या प्रश्नाला तिचे उत्तर होते, “नाही. संमतिपत्रावर अंगठा तेवढा घेतला.”

येरवड्याच्या त्या प्रकल्पाचे मोल मला नेमके येथे समजले. त्या घरांत जिना उभा असेल, गल्ली अंधारी असेल, पण घर बांधण्यापूर्वी घरातल्या बाईशी बोलणे झाले होते. वस्तीतल्याच स्त्रिया घराघरांत शिरून मोजमाप घेत होत्या. जिन्याची चूक पुढच्या घरात सुधारता येते. न विचारण्याची चूक सुधारता येत नाही, कारण तिची नोंदच कोठे होत नाही. अभियान २०१४ च्या सुमारास सरले, नवी आवास योजना २०१५ मध्ये आली, आणि अशा जागच्या जागी, घरागणिक विचारून बांधण्याच्या पद्धतीला पुढे मोठे रूप आले नाही. कारण उघड आहे. घरागणिक विचारायला वेळ लागतो, आणि गल्लीच्या डोक्यावर विकता येईल असे मजले उरत नाहीत.

आणि उंच इमारतींच्या बाबतीत आपण कोणालाच विचारीत नाही, तो म्हणजे ती बांधणारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यातच, शास्त्रीनगर भागात, एका मोठ्या बांधकामाची लोखंडी जाळी रात्रीच्या वेळी कोसळून बिहारमधून आलेले पाच मजूर दगावले. अन्यायाने वाड्याच्या माड्या चढविणाऱ्याला यिर्मया संदेष्ट्याने दिलेला इशारा अशा वेळी आठवतो. वडार समाज पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडीत आला. ज्या शहराने त्या दगडांच्या कमानी उभ्या केल्या, त्या शहरात त्यांच्या वस्तीला मात्र पत्र्यावर दिवस काढावे लागले.

मग चांगला रस्ता ओळखायचा कसा? मी पुन्हा पवित्र शास्त्राकडेच जातो. जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे चित्र आहे. त्यात सुवर्णाचे बुरूज नाहीत. हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या चौकांत बसल्या आहेत, आणि रस्ते खेळणाऱ्या मुला-मुलींनी भरले आहेत, एवढेच आहे. येरवड्याच्या रस्त्यांना, वस्तीच्या गल्लीला, नव्या इमारतींना आणि कल्याणीनगरच्या काचेच्या कचेऱ्यांनाही ही एकच कसोटी लावून पाहावी. म्हातारे माणूस कोठे टेकू शकते? मूल कोठे धावू शकते? वस्तीची गल्ली या कसोटीत काठावर उत्तीर्ण होते. काचेच्या कचेऱ्यांसमोरचा रस्ता नापास होतो. तेथे सुरक्षारक्षकाखेरीज कोणी थांबत नाही.

आणि आपले काय? आपल्या संस्थांची, शाळांची, मठांची, चर्चची आवारे आठवून पाहा. येरवड्याच्या जुन्या दगडाने जो धडा दिला तोच आपणही गिरविला: रस्त्यापासून दूर, झाडांच्या मागे, भिंतीच्या आत. शब्द देही झाला आणि त्याने आपल्यांत तंबू ठोकला, असे योहान सांगतो. तंबूला आवारभिंत नसते. चौदावे लिओ २०२५ मध्ये पोप झाले आणि त्यांनी तेराव्या लिओंचे स्मरण करून ते नाव घेतले, याचा आपल्याला आनंद झाला. त्या नावाचा अर्थ आपल्या भिंतीपाशी काय होतो, हेही पाहिले पाहिजे.

मी ज्या धर्मग्रामात आहे तेथील परिषदेपुढे गेल्या महिन्यात आवारभिंत दोन फुटांनी उंच करण्याचा ठराव आला. चोऱ्या होतात, फेरीवाले भिंतीला टेकून बसतात, ही कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. मी या लेखाच्याच तयारीत होतो, म्हणून मी एक दुरुस्ती सुचविली: तोच पैसा भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, रस्त्याच्या कडेला, बसायला दगडी ओटा बांधण्यात घालावा, भाजीवाली बाई, शाळा सुटण्याची वाट पाहणारी आजी, थकलेला मजूर, कोणीही त्यावर बसावे. बसलेली माणसे चोरावर भिंतीपेक्षा अधिक लक्ष ठेवतात, असेही मी सांगून पाहिले. मते समसमान पडली. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. ओटा करायचे ठरले तर दगडाचे काम जाणणारी माणसे येरवड्याच्या वडारवस्तीत आहेत. या खेपेला आधी त्यांनाच विचारायचे, तो किती उंच असावा म्हणून.